येतो, येते, वरुगिरेन्

चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसणे आमच्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकांना थोडे अवघडच. तरीही गेले सहा महिने आम्ही तिघे दर शनिवारी तास संपल्यावर गणित विभागातील एका सहकारी बाईंकडे तमिळ शिकत आहोत. आरंभ क्रियापदांपासून झाला : 'वा' म्हणजे ये, 'पो' म्हणजे जा.

बाईंनी 'वा'ची रूपे लिहून दिली. वरुगिरेन् – येतो, वन्देन् – आलो, वरुवेन् – येईन. धातू, मग काळाचा प्रत्यय, मग पुरुषाचा. रचना स्वच्छ आहे. पण धातू दर वेळी रूप पालटतो, अशी तक्रार आम्ही केली. बाई म्हणाल्या, "आणि तुमच्या 'ये'चे भूतकाळात 'आला' होते, ते कसे?" इतकी वर्षे व्याकरण शिकवूनही हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

आमच्यात दोघी स्त्रिया, एक पुरुष. तेव्हा साहजिकच 'येते'साठी काय, असे आम्ही विचारले. तेही वरुगिरेन्! तमिळ क्रियापद प्रथमपुरुषात लिंग दाखवत नाही. ते तृतीयपुरुषात दिसते : वन्दान् – तो आला, वन्दाळ् – ती आली.

त्या क्षणी आम्हा तिघांनाही एकच विद्यार्थिनी आठवली. धारावीतून येणारी, घरी तमिळ बोलणारी. निबंधात ती 'मी जातो', 'मी आलो' असे लिही आणि आम्ही तांबड्या शाईने गोल करून गुण कापत असू. कोल्हापूरकडच्या मुलीही असेच बोलतात. ते आम्ही 'बोलीचे वैशिष्ट्य' म्हणून वर्गात कौतुकाने सांगतो. हिच्या वहीत मात्र ते निव्वळ अशुद्ध ठरले. दुसऱ्या वर्षी तिने मराठी विषय सोडला. का, हे आम्ही विचारले नाही.

ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'नाम्' आणि त्याला वगळणारे 'नांगळ्' असा भेद तमिळमध्ये आहे. मराठीतही 'आपण' आणि 'आम्ही' आहेतच. क्रियापद दोन्ही तमिळ सर्वनामांना एकच लागते : वरुगिरोम्. म्हणजे कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे क्रियापद ठरवत नाही. बोलणाऱ्याला ठरवावे लागते. वर्गात आम्ही 'आपली भाषा' म्हणत होतो. तिला तिथे 'आमची' ऐकू आले असेल, तर दोष तिच्या कानांचा नव्हता.

परवा निरोपाचे वाक्य शिकलो. तमिळमध्येही निघताना नुसते 'जातो' म्हणत नाहीत. 'पोय् वरुगिरेन्' म्हणतात, जाऊन येतो. ती मुलगी वर्षअखेरीस विभागाच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "येतो, मॅडम."

आमच्यापैकी एकीने वहीतून मान वर न करता म्हटले होते, "येते म्हण."

"येते," ती म्हणाली. आणि गेली.