उलांडी

कोकणातल्या होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांना बांधलेला ओंडका तरंगत असतो. त्याला उलांडी म्हणतात. होडी कलली की उलांडी तिला सावरते. चाळिशी ओलांडल्यावर मुंबईच्या बंदरात लेझर शिकायला गेलो, तेव्हा पहिल्याच दुपारी उमगलं की इथे उलांडी आपणच व्हायचं असतं.

लेझर ही एकट्याने हाकायची शिडाची बोट. लांबी ४.२३ मीटर, शीड सात चौरस मीटर. वारा शिडाला ढकलतो, बोट आडवी होऊ पाहते. मग तळातल्या पट्ट्याखाली पावलं अडकवायची, मांड्या काठावर टेकवायच्या आणि सगळं धड पाण्यावर बाहेर झोकून द्यायचं. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस आरामात रेललाय.

तरुणपणी मी तालमीत बैठका मारल्या होत्या, त्यामुळे मांड्यांवर भरवसा होता. तो पाच मिनिटांत गेला. बैठकीत स्नायू आवळतो नि सुटतो, रक्त खेळत राहतं. इथे तो आवळलेलाच राहतो आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. आग गुडघ्याच्या वरून सुरू होऊन जांघेपर्यंत चढते. हालचाल जवळजवळ नाही, तरी छाती धडधडते. नकळत गुडघे दुमडतात, धड दोन इंच आत येतं, आणि बोटीला ते तत्क्षणी कळतं: ती कलते, सुकाणू हाताला जड लागतं, पुढे जायचं सोडून ती आडवी घसरू लागते.

"काका, गुडघे!" शिकवणारा पोरगा दुसऱ्या बोटीतून ओरडायचा.

डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने शिडाच्या बोटींत १९४८ ते १९६० अशी सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. घरी खास बाक बनवून तो त्यावर असाच लटकत सराव करायचा. पाण्याविना, वाऱ्याविना केलेलं ते लटकणं मला त्याच्या पदकांहून मोठं वाटतं. आपल्या विष्णू सरवणननं २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत लेझरमध्येच कांस्य मिळवलं. त्या बातमीतला फोटो पाहताना माझी नजर आधी त्याच्या मांड्यांवर गेली.

आता मला वाऱ्यातल्या फटी कळू लागल्यात. झुळूक मंदावली की अर्धा श्वास आत यायचं. मांडी सैलावते, रक्त उष्ण लोंढ्यासारखं खाली उतरतं. तेवढ्यात पुढच्या पाण्यावर सुरकुत्यांचा काळा पट्टा सरकत येताना दिसतो. पावलं पट्ट्याखाली घट्ट रोवतो, गुडघे सरळ करतो.