गोळी उतरविण्याची रीत

दुखणे थांबले की औषध संपले, अशी आम्हां तुयेकरांच्या बहुतेक घरांतील समजूत. एरवीही ती बरी नव्हे. स्टेरॉइडच्या बाबतीत तर ती जिवावर बेतू शकते.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली त्यांना केंडाल व राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक लाभले. परंतु हे औषध दाह शमविते, रोगाचे मूळ उपटीत नाही.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी असेच द्रव्य शरीरात निर्माण करतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ गोळी घेतली की त्या ग्रंथी आळसावू शकतात. मग गोळी एकाएकी सोडल्यास आतला पुरवठा नाही आणि बाहेरचाही नाही, रक्तदाब कोसळतो. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पायरीपायरीनेच उतरवावी.

आमच्या घरात वडीलधाऱ्यांना प्रेडनिसोलोन चालू आहे. गोळी सकाळी, न्याहारीनंतर. साखर व रक्तदाब वेळोवेळी तपासून घेतो. ताप आला तर अंगावर काढीत नाही. बांबोळीच्या इस्पितळात जाताना चिठ्ठी बरोबर असते. ती चिठ्ठी दाखवून शेजाऱ्यासाठी गोळ्या मात्र आणू नयेत.

चतुर्थीची माटोळी बांधावयास हात पुन्हा वर जाऊ लागले, म्हणजे आनंदच. तरी पुडी फेकावयाची नाही. पुढची पायरी डॉक्टरांनाच विचारावयाची.