मॉरिस चँग : काही टिपणे

१९५५. एमआयटीत पीएच.डी.च्या पात्रता परीक्षेत दोनदा नापास, म्हणून नोकरीचा शोध. फोर्ड महिना ४७९ डॉलर देत होती, सिल्व्हेनिया ४८०. चँग यांनी फोर्डला विचारलं, पगार थोडा वाढवता का? नाही म्हणाले. मग सिल्व्हेनिया, आणि तिथे सेमीकंडक्टर. शिक्षण मात्र यांत्रिक अभियांत्रिकीचं.

*

१९५८पासून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. आयबीएमसाठी ट्रान्झिस्टर बनवणारी लाइन त्यांच्या गळ्यात पडली. जवळजवळ सगळा माल भंगारात जायचा. तापमान थोडं वर, दाब थोडा खाली, असं करत ते बसले. काही महिन्यांत उतारा पंचवीस टक्क्यांवर! तरीही चारातले तीन वायाच, पण आयबीएमचे लोक हे बघायला आले. उताऱ्याची किंमत साखर कारखान्याच्या चेअरमनला विचारावी.

*

टेक्सासमध्ये २५ वर्षं. स्टॅनफर्डची डॉक्टरेटही कंपनीच्या खर्चाने (१९६४). सर्वात वरची खुर्ची काही मिळाली नाही.

*

१९८५मध्ये तैवान सरकारने बोलावलं, १९८७मध्ये त्यांची चिप बनवणारी कंपनी, टीएसएमसी, उभी राहिली. वय पंचावन्न, आपल्याकडे या वयात लोक पेन्शनची कागदपत्रं जुळवतात. इंटेलने पैसे घालायला नकार दिला, टेक्सासनेही. फिलिप्स आली. निम्म्याच्या आसपास वाटा सरकारचा, उरलेल्यासाठी तिथल्या धनिकांना गळ घालावी लागली.

*

कल्पना एवढीच : स्वतःची चिप काढायची नाही, फक्त दुसऱ्यांच्या बनवून द्यायच्या. तोवर कारखाना नसलेल्या डिझायनरला मोठ्या कंपन्यांच्या रिकाम्या मशिनवर अवलंबून राहावं लागे. त्यांची स्वतःची ऑर्डर आली की याचं काम मागे. शिवाय आपलं डिझाइन प्रतिस्पर्ध्याच्याच हातात द्यायचं! चँग यांच्याकडे ही धास्ती नव्हती. माझ्या मते त्यांनी चिपपेक्षा हा विश्वासच जास्त विकला. एनव्हिडिया, क्वालकॉम यांना अब्जावधींचे कारखाने न बांधता वाढता आलं ते यामुळे.

*

२००९. मंदी. टीएसएमसीत त्यांच्यानंतर आलेल्या सीईओने माणसं कमी केली होती. ७७ वर्षांचे चँग पुन्हा खुर्चीत बसले, काढलेल्यांना परत बोलावलं आणि इतर हात आखडते घेत असताना कारखान्यांवरचा खर्च वाढवला. स्मार्टफोनची लाट आली तेव्हा कारखाने तयार होते.

*

२०१८मध्ये निवृत्त. तोंड मात्र बंद नाही : अमेरिकेत तीच चिप बनवायला ५० टक्के जास्त खर्च येतो, हे २०२२मध्ये त्यांनी उघड सांगितलं. तेव्हा त्यांचीच कंपनी ॲरिझोनात कारखाना बांधत होती.