वसई, नागासाकी आणि एक पाऊल

वसईत कुणालाही "गोन्सालो गार्सिया" विचारा, समोरचा बहुतेक वेळा कॉलेजचा रस्ता दाखवेल. मलाही कित्येक वर्षं ते कॉलेजचंच नाव वाटायचं. आमच्या शाळेच्या पुस्तकात वसई म्हणजे चिमाजी अप्पा आणि १७३९. त्याआधी तिथे दोनशे वर्षं पोर्तुगीज होते, एवढं एक वाक्य झालं की धडा पुढे सरकायचा. हा गोन्सालो त्या दोनशे वर्षांतला. जन्म वसईचा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. आणि मरण कुठे? तर जपानमध्ये, नागासाकीच्या एका टेकडीवर, क्रुसावर. तारीख ५ फेब्रुवारी १५९७.

मध्यंतरी ऑफिसच्या कामाने दोन आठवडे फुकुओकाला होतो. शनिवार रिकामा होता म्हणून नागासाकीला गेलो. लोक तिथे अणुबॉम्बचं म्युझियम बघायला जातात, मीही त्यासाठीच गेलो होतो. पण स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर निशिझाका नावाचा छोटासा चढ आहे, तिथे आधी पाय वळले. वर एक लांबलचक भिंत आहे, १९६२ साली उभारलेली. तिच्यावर ओळीने सव्वीस ब्राँझच्या आकृत्या. पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबतायत. मधे दोन-तीन आकृत्या बुटक्या आहेत. ती मुलं. त्यातला सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा होता.

आता थोडी गोष्ट सांगतो, कारण ती माहीत असल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

गोन्सालो वसईला जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने झकास उचलली. जेझुइट व्हायची त्याची फार इच्छा होती, पण त्यांनी काही घेतलं नाही. (का, यावर बरेच तर्क आहेत. मिश्र रक्त हा एक.) मग तो व्यापारात शिरला, बरे पैसे मिळवले, आणि एक दिवस ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कनांकडे ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता नावाचा स्पॅनिश पाद्री फिलिपिन्सचा वकील म्हणून हिदेयोशीला भेटायला गेला, तेव्हा दुभाष्या म्हणून बरोबर कोण, तर आपला वसईकर.

हिदेयोशी म्हणजे तेव्हाच्या जपानचा सर्वेसर्वा. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम त्याने १५८७ मध्येच काढला होता, पण अंमलबजावणी ढिली होती, कारण व्यापार हवा होता. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत वादळात सापडून शिकोकूच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. त्यावरून वादावादी झाली, आणि आधी पाद्री येतात मग सैन्य, असा संशय हिदेयोशीच्या डोक्यात पक्का बसला. डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाकात धरपकड झाली. एकूण चोवीस जण. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकीचे साधे जपानी लोक. क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून गाड्यांतून धिंड काढली. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता म्हणे, अधिकाऱ्याने तो कमी केला. नंतर ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभराचा प्रवास, बराचसा पायी. वाटेत कैद्यांची सेवा करायला दोघे जण मागोमाग चालत होते, त्यांनाही शिपायांनी ओळीत घेतलं. असे सव्वीस झाले.

त्या बारा वर्षांच्या पोराचं नाव लुईस इबाराकी. शिक्षेची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या अधिकाऱ्याला त्याची दया आली. धर्म सोड, तुला सोडवतो, असं तो म्हणाला. पोरगा नाही म्हणाला. हे सगळं लुईस फ्रोइश नावाच्या जेझुइटाने काही आठवड्यांतच लिहून ठेवलं. तो स्वतः मिशनरी, त्यामुळे थोडा मीठमसाला असणारच. पण तो अधिकारी मला खराच वाटतो. असे लोक असतात. वाईट काम अंगावर आलेलं असतं आणि निदान एक तरी नाव यादीतून कमी व्हावं म्हणून ते धडपडत असतात.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर ही पोस्ट म्हणजे नुसतं भजन होईल. हिदेयोशीचा संशय अगदीच हवेतला नव्हता. मनिला स्पेनने घेऊन पंचवीस वर्षं झाली होती. नागासाकी बंदर तर १५८० मध्ये तिथल्या ख्रिस्ती झालेल्या सरदाराने चक्क जेझुइटांना देऊन टाकलं होतं, आणि त्याच्या मुलखात देवळं पाडली गेली होती. आणि आपल्याकडे वसई-गोव्यात तेव्हा याच धर्माच्या हातात तोफा होत्या, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. म्हणजे गोन्सालो ज्या गावात जन्मला तिथे त्याचा धर्म सरकारी होता, आणि ज्या गावात मेला तिथे तो गुन्हा. श्रद्धा तीच, माणूस तोच. निशिझाकावर त्याच्या मागे ना गलबत होतं, ना व्हाइसरॉय. मला वाटतं म्हणूनच तिथला गोन्सालो मला कळतो, किल्ल्यातला कळला नसता.

असो. गोन्सालोला पोपने १८६२ मध्ये संत केलं. वसईजवळ गासला त्याच्या नावाचं चर्च आहे.

पण मला खरं लिहायचंय ते त्यानंतर जे झालं त्याबद्दल.

क्रुसावर मेलेला माणूस सरकारला महागात पडतो. लोक बघायला येतात, रक्ताने भिजलेल्या कापडाचे तुकडे घरी नेतात. तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये धर्मावर देशभर बंदी घातली, १६२२ मध्ये त्याच निशिझाकावर एका दिवशी पंचावन्न जणांना मारलं, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की मारण्यापेक्षा सोडायला लावणं जास्त उपयोगाचं. मग त्यांनी एक पद्धत बसवली. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस. येशूचं किंवा मारियेचं चित्र जमिनीवर ठेवायचं आणि गावातल्या प्रत्येकाने त्यावर पाय ठेवून पुढे जायचं. त्याला म्हणतात फुमी-ए. नागासाकीत हे दरवर्षी, नववर्षाच्या सुमाराला. लहान मुलं, आजारी माणसं, कुणाला सूट नाही. शिवाय प्रत्येक घराची नोंद कुठल्या तरी बौद्ध देवळात हवी, आणि हे लोक ख्रिस्ती नाहीत असा दाखला तिथून हवा. मेल्यावर अंत्यविधीही तिथल्याच भटजीच्या हातून.

१६६९ मध्ये त्यासाठी पितळेचे वीस छाप ओतून घेतले होते. त्यातले बरेचसे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मी फक्त फोटो पाहिलेत. चेहरे झिजून सपाट झालेत. दीडशे-दोनशे वर्षं पाय पडले की पितळसुद्धा गुळगुळीत होतं.

ह्यात हुशारी काय आहे बघा. तुमच्या मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. एक पाऊल टाका, रजिस्टरमध्ये खूण होईल, घरी जा. एवढंसंच तर आहे, असं वाटावं इतकं ते लहान ठेवलेलं. ज्याने ही कल्पना काढली त्याला माणसं चांगली कळत होती.

आणि बहुतेकांनी पाय ठेवला.

ठेवला, घरी आले, दार लावलं आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. तिला ते 'कोंचिरिसान' म्हणायचे, मूळ शब्द पोर्तुगीज. पाद्री एकही उरला नव्हता. मग गावातलाच एक जण बाप्तिस्मा द्यायचा, एक जण सणांचं कॅलेंडर सांभाळायचा. कुशीत मूल घेतलेली कान्नोनची बौद्ध मूर्ती मारिया म्हणून चालायची. लॅटिन प्रार्थना ऐकून ऐकून पाठ केलेल्या, अर्थ कधीच हरवलेला, तरी आईने मुलाला कुजबुजत शिकवायच्या. अशी सात पिढ्या. सात!

पुण्यात माझ्या टीममध्ये वसईचा एक मित्र आहे, कॅथलिक. परत आल्यावर चहाच्या टपरीवर त्याला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "तू असतास तर ठेवला असतास का रे पाय?"

तो बराच वेळ ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, "एकटा असतो तर कदाचित नसता ठेवला. पोरीला कडेवर घेऊन रांगेत उभा असतो तर ठेवला असता. आणि हे आमच्या आईसमोर विचारू नकोस, ती म्हणेल हा प्रश्नच कसा पडतो तुम्हाला."

त्याच्या आईचं उत्तर गोन्सालोचं आहे. त्याचं उत्तर उराकामीच्या लोकांचं. ह्यातलं एक खरं आणि दुसरं पळपुटं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शुसाकु एन्दोची 'सायलेन्स' कादंबरी (१९६६) ह्याच प्रश्नाभोवती फिरते, २०१६ मध्ये स्कोर्सेसीने तिच्यावर सिनेमा केला, तो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पण कादंबरीत नसलेला एक भाग आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

उराकामी हे नागासाकीच्या कुशीतलं खेडं. १८६५ मध्ये नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा चर्च नुकतंच झालं होतं. १७ मार्चला उराकामीचे काही लोक तिथे आले, आणि त्यांच्यातली एक बाई हळूच फ्रेंच पाद्र्याला म्हणाली की आमचं मनही तुमच्यासारखंच आहे. मग मारियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. पेतिजाँ त्या पाद्र्याचं नाव. बिचाऱ्याला काय वाटलं असेल! अडीचशे वर्षांपूर्वी संपला म्हणून गणलेला समाज समोर उभा.

बंदी मात्र अजून तशीच होती. १८६७ मध्ये गावात मयत झाली आणि ह्या लोकांनी देवळातल्या भटजीला बोलावलंच नाही. आमचं आम्ही पुरू म्हणाले. गावच्या मुखियाने विचारलं, तर आम्हाला देवळाशी संबंध ठेवायचा नाही असं सरळ सांगून टाकलं. लक्षात घ्या, ही त्याच लोकांची नातवंडं-पतवंडं, ज्यांनी दोनशे वर्षं दर साली निमूट पाय ठेवला होता. फुमी-ए दहा वर्षांपूर्वी बंद झाली होती. वाट बघितली असती तर कदाचित आपोआप सगळं सुटलं असतं. पण एकदा उघड म्हटल्यावर त्यांना परत झाकून घेता येईना.

जुलैमध्ये रात्री छापा पडला, अडुसष्ट जणांना नेलं. हातपाय पाठीमागे बांधून टांगायचं आणि मारायचं, अशा छळानंतर जवळजवळ सगळ्यांनी धर्म सोडल्याचं कबूल केलं. ताकागी सेनएमोन नावाचा शेतकरी तेवढा नाही म्हणत राहिला. कबूल केलेले सुटून घरी आले. आणि काही दिवसांनी त्यातले बरेच जण मुखियाकडे गेले आणि म्हणाले, आमचं ते कबूल करणं रद्द करा.

मला हा प्रसंग सगळ्यात भारी वाटतो. सुटका झालेली आहे. अंगावरचे वळ ओले आहेत. आत काय होतं ते आता ऐकीव नाही, अनुभवलेलं आहे. आणि माणूस आपल्या पायांनी चालत जाऊन सांगतो की रजिस्टरातलं माझं नाव बदला. क्रुसावर जाणाऱ्याला निदान परत येऊन दुसऱ्यांदा ठरवावं लागत नाही.

पुढे तोकुगावा जाऊन मेइजी सरकार आलं. नवं सरकार, आधुनिक सरकार, पण ह्या बाबतीत जुन्याहून वाईट. १८६८ ते १८७० मध्ये सगळं गाव उचललं, सुमारे ३४०० माणसं, आणि देशभर वीसेक ठिकाणी वाटून टाकलं. त्सुवानोला दीडशेच्या वर लोक पाठवले होते. तिथे आधी गोडीगुलाबीने समजावलं, बरं खायला दिलं. जमलं नाही तेव्हा अन्न तोडलं. ऐन थंडीत गोठलेल्या तळ्यात बुडवायचे, त्यात हा सेनएमोनही होता. तीन फुटी चौकोनी पिंजरा होता, त्यात माणसाला ना उभं राहता येतं ना झोपता. अनेकांनी तिथे मान तुकवली, ते लपवण्यात अर्थ नाही. एकूण सहाशेवर लोक परत आले नाहीत. शेवटी युरोप-अमेरिकेत फिरणाऱ्या जपानी शिष्टमंडळाला जिथे तिथे ह्यावरून बोलणी खावी लागली आणि १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या काढल्या गेल्या.

उरलेले उराकामीला परतले. घरं मोडलेली, शेती गेलेली. मुखियाचा वाडा विकायला निघाला तेव्हा त्यांनी पैसे जमवून १८८० मध्ये तो विकत घेतला. दर नववर्षाला पितळेच्या छापावर पाय ठेवायला रांग लागायची ती ह्याच वाड्यात. तिथे त्यांनी आधी साधं चर्च केलं, मग १८९५ पासून विटांचं मोठं बांधायला घेतलं. ते पुरं व्हायला १९१४ उजाडलं.

९ ऑगस्ट १९४५ चा बॉम्ब तिथून अर्ध्या किलोमीटरवर फुटला. आज जे दिसतं ते १९५९ मध्ये पुन्हा बांधलेलं. निशिझाकाहून ट्रामने जाता येतं, उतरून थोडा चढ आहे. मी पोचलो तेव्हा संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली होती, म्हणून आत गेलो नाही. दाराशी बुटांची काळजी घेणारी एक आजी उभी होती, तिने मला वाकून नमस्कार केला, मीही केला.