राहात्याचा कांदा, पॅरिसचं सूप

मुलांनो, तुम्हांला फ्रेंच भाषा येते का? "छे!" म्हणाल. पण रेस्टॉरंटमध्ये बसून मेनू वाचलात आणि ऑम्लेट नाहीतर कटलेट मागवलंत, की चार फ्रेंच शब्द झालेच! हे शब्द फ्रान्समधून निघाले, इंग्रजीच्या गाडीत बसले आणि आपल्या राहात्याच्या चौकात येऊन उतरले.

'रेस्टॉरंट' या शब्दाचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. अंगात पुन्हा ताकद आणणारं, ते रेस्टॉरंट! अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये आजारी, अशक्त माणसांसाठी पौष्टिक सूप मिळायचं, त्याला हे नाव होतं. पुढे ते विकणाऱ्या दुकानांनाच लोक रेस्टॉरंट म्हणू लागले. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. सरदार-दरकदारांचे वाडे ओस पडले, आणि त्यांच्या काही आचाऱ्यांनी शहरात आपली रेस्टॉरंटं थाटली. वाड्यातलं जेवण असं पैसे देईल त्याच्यासाठी खुलं झालं.

अशा फ्रेंच पद्धतीच्या एका रेस्टॉरंटात जेवायचा योग मला मुंबईत आला. माझी डी.एड.ची मैत्रीण तिथं असते. ती, तिचा सातवीतला मुलगा आणि मी असे तिघं निघालो.

आधी काळा घोडा भागात फिरलो. तिथं वॉटसन हॉटेलची जुनी इमारत आहे. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला तो याच इमारतीत, ७ जुलै १८९६ रोजी. तिथून चालत अपोलो बंदरावर गेलो. समोर ताजमहाल हॉटेल! जमशेदजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. शेजारचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुलं झालं, म्हणजे ताज त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठं. आणि त्याचा आराखडा कोणी केला, ठाऊक आहे? सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या आपल्याच देशातल्या दोघांनी. इथल्या विलायती जेवणाच्या भटारखान्याचे प्रमुख म्हणून नावाजलेले मिगेल मास्कारेन्हास हे गोव्याचे. साहेबी थाटामागे असे आपल्याच माणसांचे हात होते.

दिवेलागणीला आम्ही रेस्टॉरंटात शिरलो. मंद उजेड, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आणि प्रत्येकापुढे दोन काटे, दोन सुऱ्या, एक चमचा! आमचा सातवीतला वीर एकदम गप्प झाला. हळूच म्हणाला, "मावशी, आधी काय उचलायचं गं? सगळे बघतायत."

वाढणाऱ्या दादांनी ते ऐकलं. ते हसून म्हणाले, "बाहेरून आत यायचं, एवढंच. जो पदार्थ आधी येतो, त्याचा काटा सगळ्यांत बाहेर. मीही गावाकडचाच आहे बाळा. पहिल्या दिवशी माझेही हात थरथरले होते. आणि पाव तर इथंही हातानेच मोडायचा."

आता नीट बघा, आपल्या पंगतीतही नियम असतातच की! मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. पानात सगळं वाढून होईपर्यंत हात लावायचा नाही. फरक एवढाच, की आपलं ताट एकदम भरतं आणि त्यांचं जेवण एकामागून एक येतं. आधी सूप, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड. जेवण झालं, की काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवायची. न बोलता कळतं, "झालं माझं." या फ्रेंच मेजवानीच्या रिवाजाला युनेस्कोने २०१० साली आपल्या वारशाच्या यादीत जागा दिली.

पहिल्यांदा आलं कांद्याचं सूप. आम्ही भाज्यांच्या पाण्यात केलेलं सांगितलं होतं. वर भाजलेल्या पावाचा तुकडा, त्यावर वितळलेलं चीज. एक घोट घेतल्यावर मुलगा ओरडलाच, "मावशी, हे तर आपलं कांद्याचं कालवण! फक्त तिखट विसरलेत!"

तो फारसा चुकला नव्हता. पॅरिसमध्ये ले आल नावाचा मोठा बाजार होता. तिथं रात्रभर माल उतरवणारे हमाल थंडीत हेच सूप प्यायचे. नंतर आलं रातातुई. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडीसारखी दिसणारी झुकिनी. हीसुद्धा दक्षिण फ्रान्समधल्या गरीब शेतकऱ्यांची भाजी. कष्टकऱ्यांचंच जेवण, पांढऱ्या टेबलावर येऊन बसलेलं!

आमच्या वर्गात काही मुलं भाकरीचा डबा झाकून खातात. त्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगितली. आज भाकरी-पिठल्याला कोणी हसलं, म्हणून ते हलकं ठरत नाही. कोणाच्या ताटात कोणता पदार्थ उद्या मानाने बसेल, कोणी सांगावं?

मग बिल आलं. एक वाडगा सूप साडेचारशे रुपये! त्यात कांदा साधारण पाव किलो. आपल्या बाजार समितीत कधी किलोला दहा रुपयेही पडत नाहीत. करा गणित: शेतकऱ्याच्या वाट्याला अडीच रुपये. बाकीचे कुठे जातात? जागेचं भाडं, वीज, चीज, भांडी घासणारे, वाढणारे, कांदा पाऊण तास परतणारा आचारी, आणि मालकाचा नफा. यातले पुष्कळ जण आपापल्या घामाचंच घेतात. पण एवढ्या मोठ्या रकमेत कांदा पिकवणाऱ्याचा वाटा इतका लहान का? हा प्रश्न आज घरी आई-बाबांना विचारा. ज्यांच्या घरी कांद्याची चाळ आहे, त्यांना तर उत्तर देताना बरंच काही सांगायचं असेल.

आणि हो, सूप घरीही होतं, मोठ्यांना सोबत घ्या म्हणजे झालं. चार कांदे उभे पातळ चिरा. लोण्यावर अगदी मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परता. घाई केलीत तर करपतील. मग भाज्या उकळलेलं पाणी, मीठ, मिरपूड घालून दहा मिनिटं उकळू द्या. पाव नसेल तर कडक भाकरीचा तुकडा वर सोडा. पॅरिसवाले रागावणार नाहीत!