तांब्याचे बेट आणि बुडालेली वही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचे पाणी सांगलीच्या पेठेत शिरले, तेव्हा आमच्या दुकानात कित्येक दिवस पुरुषभर पाणी उभे होते. वडिलांच्या काळापासून आमचा व्यवसाय तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. पाणी ओसरल्यावर हंडे, कळश्या, घंगाळे, बंब गाळातून एकेक करून बाहेर काढले. चिंच आणि मीठ लावून घासले आणि सगळे पुन्हा लखलखू लागले. तांबे पाण्याने मरत नाही. मरतात त्या वह्या. उधारीची वही लगदा होऊन हाती आली.

पुढे दिवाणजींना घेऊन मी आठवणीतून एक नवी वही लिहून काढली. काही गिऱ्हाईके आपणहून आली आणि "अण्णा, तुमचे माझ्याकडे इतके आहेत" असे म्हणून पैसे मोजून गेली. काही आलीच नाहीत. जी आली नाहीत, त्यांची नावे मला आलेल्यांपेक्षा अधिक पाठ झाली. आणि सौ. त्या पुरानंतर कृष्णेच्या घाटावर एकदाही गेली नाही.

त्यामुळे दुबईस नोकरीला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी गेल्या ऑक्टोबरात समुद्रकिनारी जाण्याचा बेत कळवला, तेव्हा घरात फारसा उत्साह नव्हता. पण त्याने सायप्रसचे नाव काढले आणि वर म्हणाला, "बाबा, तुमच्या धंद्याचे मूळ गावच आहे ते." हे मात्र खरे होते. रोमन लोक तांब्याला 'सायप्रसचा धातू' म्हणत. त्यातूनच लॅटिनमधला 'कुप्रुम' हा शब्द आला आणि पुढे इंग्रजीतला 'कॉपर'. ज्या धातूवर आमच्या तीन पिढ्या जगल्या, त्याचे नाव ज्या बेटावरून पडले ते पाहावे, असे मलाही वाटले.

भूमध्य समुद्रात सिसिली आणि सार्डिनिया यांच्या खालोखाल सायप्रसचा क्रमांक लागतो. क्षेत्रफळ सुमारे ९,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याहून थोडे अधिक. १९६० पर्यंत तेथे इंग्रजांचे राज्य होते. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे चिरंजीवांनी गाडी भाड्याने घेतली आणि पहिल्या तासातच रस्ता सरावाचा झाला. आम्ही उतरलो ते लार्नाका शहरात. समुद्रालगत ताडासारख्या उंच झाडांची लांब रांग, तिच्या सावलीत फिरणारी माणसे, आणि रस्ता ओलांडला की थेट वाळू. प्राचीन काळी या गावाचे नाव कितिओन होते.

कितिओनचे अवशेष गावातच आहेत. प्रचंड दगडांची तटबंदी, मंदिरांची जोती आणि त्यांना अगदी खेटून तांबे वितळवण्याच्या कार्यशाळा. हे सारे इ. स. पूर्व तेराव्या-बाराव्या शतकांतले. एका मंदिराच्या भिंतीवर कोणी जहाजांची चित्रे कोरून ठेवली आहेत. देवाच्या दारात भट्टी आणि भिंतीवर जहाज, म्हणजे माल घडवण्यापासून तो परदेशी रवाना करण्यापर्यंतचा सगळा उद्योग देवाला साक्षी ठेवून चाले. आपल्या दुकानातल्या पहिल्या वहीवर आपण शुभचिन्ह काढतो, त्याची मला तेथे आठवण झाली.

याच कितिओनमध्ये इ. स. पूर्व ३३४ च्या सुमारास एका व्यापारी घरात झेनोचा जन्म झाला. त्याच्या जुन्या चरित्रात अशी कथा आहे की, तो किमती जांभळ्या रंगाचा माल घेऊन निघाला असता त्याचे जहाज अथेन्सच्या बंदराजवळ बुडाले. सर्वस्व गमावलेला हा व्यापारी अथेन्समध्ये एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात जाऊन बसला. दुकानदार सॉक्रेटिसाच्या आठवणींचा ग्रंथ मोठ्याने वाचत होता. झेनोने विचारले, अशी माणसे भेटतात तरी कोठे? त्याच वेळी क्रातेस नावाचा तत्त्वज्ञ समोरून जात होता. दुकानदाराने बोट दाखवले आणि झेनो त्याच्यामागे निघाला. पुढे अथेन्समधल्या एका चित्रांकित ओसरीत तो स्वतः शिकवू लागला. ओसरीला ग्रीकमध्ये 'स्टोआ' म्हणतात, म्हणून त्याच्या विचाराला 'स्टोइक' हे नाव पडले. संपत्ती आणि दारिद्र्य यांवर माणसाचे भले-बुरे अवलंबून नाही, ते त्याच्या आचरणावर आहे, हे त्या विचाराचे सार. जहाज बुडाले तोच आपला सर्वांत लाभाचा प्रवास ठरला, असे झेनो म्हणत असे, असेही चरित्रकार सांगतो. ही कथा ऐकताना सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. आमचे दुकान बुडाले तेव्हा मला लाभ दिसला नव्हता.

तेथून आम्ही राजधानी निकोसियाला गेलो. तिथल्या सायप्रस संग्रहालयात मला जे पाहायचे होते ते पाहिले. तांब्याची एक लादी, चारही कोपरे बाहेर ओढलेली, बैलाचे कातडे ताणून वाळत घातल्यासारखी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास या आकाराच्या लाद्यांतूनच तांब्याचा व्यापार चाले. अशा एका लादीचे वजन साधारण २० ते ४० किलो. कोपरे बाहेर असल्याने दोघांना उचलायला आणि जनावराच्या पाठीवर बांधायला सोपे जात असावे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे १९८२ मध्ये एका प्राचीन जहाजाचे अवशेष सापडले. त्यात सुमारे १० टन तांबे होते आणि ते सायप्रसचे असल्याचे धातूच्या परीक्षणातून दिसून आले. मी त्या लादीसमोर बराच वेळ उभा होतो. वरचा हिरवट थर घासला, तर आतून आमच्या हंड्याचाच रंग निघेल, यात मला शंका नव्हती.

निकोसिया शहराच्या मधोमध एक रेषा गेली आहे. १९७४ मध्ये बेटाचे दोन भाग झाले. उत्तरेचे ग्रीकभाषक दक्षिणेस आले, दक्षिणेचे तुर्की बोलणारे उत्तरेस गेले आणि मधला पट्टा संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या हाती राहिला. बाजारपेठेतल्या एका रस्त्यावरून २००८ पासून पायी ओलांडून जाता येते, पण आम्ही अलीकडेच थांबलो. त्या पट्ट्यात अर्धशतक बंद पडलेली दुकाने आहेत. दुकानाला कुलूप लावून दोन दिवसांत परत येऊ असे म्हणत निघालेल्या माणसाचे काय झाले असेल, हे व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. आमचे दुकान काही दिवसांत पाण्यातून वर आले. यांचे अजून वर आलेले नाही.

शेवटचे चार दिवस आम्ही पूर्वेकडच्या आयिया नापा गावी काढले. निस्सी नावाचा तेथला किनारा प्रसिद्ध आहे. 'निस्सी' म्हणजे बेट. किनाऱ्यासमोर खरोखरच एक लहानसे बेट आहे आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत तेथवर जाता येते. वाळू पांढरी, पाणी काचेसारखे. पायाखालची बोटे मोजावीत इतके स्वच्छ. ऑक्टोबरात गर्दी ओसरलेली असते आणि पाणी अजून कोमट असते. पहिल्या दिवशी सौ. वाळूवरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा हात धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे पाणी तळ दाखवते. आपल्या पुराचे पाणी तळच दाखवत नव्हते." एवढे बोलून ती बराच वेळ तशीच उभी होती.

गावात समुद्राविषयीचे 'थालासा' नावाचे संग्रहालय आहे. तेथे एक लाकडी जहाज उभे आहे. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर किरिनिया गावाजवळ १९६५ मध्ये एका पाणबुड्याला समुद्रतळाशी मातीच्या रांजणांची रास दिसली. खाली सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे व्यापारी जहाज होते, लांबी जेमतेम १४ मीटर. मूळ सांगाडा किरिनियाच्या किल्ल्यात, म्हणजे रेषेच्या पलीकडे आहे. आयिया नापात आहे ती १९८० च्या दशकात बांधलेली हुबेहूब प्रतिकृती. त्या जहाजातल्या मालाची यादी एखाद्या बिजकासारखी वाचता येते. सुमारे ४०० रांजण, त्यांतले बहुतेक ऱ्होड्स बेटावरचे, जात्याचे दगड, आणि जवळपास दहा हजार बदाम. बदामांची टरफले इतकी शतके पाण्याखाली राहूनही टिकली. जहाज जुने होते, पुन्हा पुन्हा डागडुजी केलेले, बाहेरून शिशाचे पत्रे मारलेले. म्हणजे मालक काही गबर सावकार नव्हता. असलेले जहाज चालवता येईल तितके चालवणारा आपल्यासारखाच माणूस. आणि चार लाकडी चमचे, चार पेले, तेलाचे चार बुधले. त्यावरून जहाजावर चार माणसे असावीत, असे अभ्यासकांनी ताडले. ती चार माणसे कोण, त्यांची देणी-घेणी काय, हे कोणालाच सांगता येणार नाही. माल मोजता आला, माणसे चमच्यांवरून मोजावी लागली.

त्या संध्याकाळी चिरंजीवांनी मोबाइलवर एक मजकूर वाचून दाखवला. इजिप्तमध्ये अमार्ना येथे मातीच्या पाटीवर कोरलेली राजांची पत्रे सापडली आहेत, इ. स. पूर्व चौदाव्या शतकातली. त्यांत अलाशियाच्या राजाची पत्रे आहेत. अलाशिया म्हणजे सायप्रस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एका पत्रात तो इजिप्तच्या राजाला कळवतो की, यंदा पाठवलेले तांबे थोडे आहे याचा राग मानू नये, कारण देशात साथ येऊन माणसे दगावली आहेत. त्याच पत्रात पुढे विनंती आहे. आमच्या देशातला एक माणूस तुमच्याकडे वारला. त्याचा माल तुमच्या देशात आहे आणि त्याची बायको व मुलगा येथे माझ्याजवळ आहेत. तो माल माझ्या दूताच्या हवाली करावा.

मुलगा पुढे वाचत होता, पण माझे लक्ष तेथेच अडकले. आमच्या पेठेत एक वृद्ध तांबट होते. आमचे हंडे वर्षानुवर्षे त्यांच्याच हातचे. पुराच्या आधीच्या हंगामाची त्यांची मजुरी आमच्याकडे बाकी होती. ती नोंद त्याच बुडालेल्या वहीत, दुसऱ्या अंगाला होती. पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या घरून कोणी मागायला आले नाही, आणि आठवणीतून वही लिहिताना मी लोकांकडून येणे तेवढे आठवून आठवून लिहिले; देण्याचे पान लिहायला बसलोच नव्हतो. हे मी दोघांना सांगितले. चिरंजीव एवढेच म्हणाला, "बाबा, मग घरी गेल्यावर आधी तिकडेच जाऊ."

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी खाण्यापिण्याविषयी थोडे. तेथे रात्रीचे जेवण उशिरा मिळते, आणि ऑक्टोबरच्या मध्यात सूर्यास्त सव्वासहाच्या आतच होतो. म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी. आम्ही मेतकूट, भाजणी, खाकरे आणि शेंगाचटणी बरोबर नेली होती. तिथल्या ख्रिस्ती लोकांत उपवासाचे दीर्घ काळ असतात; त्या काळात मांस, अंडी, दूध वर्ज्य. अशा पदार्थांना 'निस्तीसिमो' म्हणतात. हा एक शब्द खानावळीत फार उपयोगी पडतो. मात्र त्यात कोळंबीसारखे जलचर चालतात, म्हणून तेवढे वेगळे विचारावे. त्यांची 'लुव्ही' म्हणजे उकडलेली चवळी, वर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू. ती आम्हां सर्वांना आवडली. हलुमी नावाचे चीज प्रसिद्ध आहे, पण ते घट्ट करण्यासाठी बहुधा प्राणिज रेनेट वापरतात. आम्ही ते टाळले. सराफी करणाऱ्यांनी तेथल्या कॅरोबच्या शेंगा अवश्य पाहाव्यात. त्या शेंगेचे ग्रीक नाव 'केरातिओन'. तिच्या बियांनी पूर्वी सोने आणि रत्ने तोलत, आणि त्यावरूनच 'कॅरट' हा शब्द आला. आपल्याकडे जे काम गुंजेने केले, तेच तिकडे या बीने. पश्चिमेकडच्या पाफोस गावी १९६२ मध्ये शेत नांगरताना सापडलेल्या रोमन घरांतील रंगीत दगडांची फरसबंदी आहे. ती पाहायला एक पूर्ण दिवस ठेवावा.

सांगलीत परतल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तिघेही तांबटांच्या घरी गेलो. नेमका आकडा मला आठवत नव्हता. मी माझ्या अंदाजाहून थोडी जास्त रक्कम पाकिटात घातली होती. त्यांच्या पत्नीने पाकीट उघडले नाही. आत जाऊन एक बारकी डायरी घेऊन आल्या. त्यात त्यांच्या यजमानांच्या हातची नोंद होती, आमच्या दुकानाच्या नावाने, तारीख आणि नगांसह. माझा अंदाज सातशे रुपयांनी कमी होता. चिरंजीवांनी खिशातून सातशे काढून पाकिटावर ठेवले. त्यांनी डायरीतल्या त्या ओळीवर रेघ मारली आणि चहाला बसा म्हणाल्या.

परतताना सौ. म्हणाली, "घाटावरून जाऊ या." आम्ही घाटाने घरी आलो.