पाच डॉलरचा भागधारक

टोरांटोच्या किंग स्ट्रीट वेस्टवरची चारशे नंबरची इमारत आता नाही. ती काही पुरातन वास्तू नव्हती. १९९८ मध्ये तिथं माउंटन इक्विपमेंट को-ऑप, म्हणजे आमचं ‘एमईसी’, सुरू झालं. २०१९ मध्ये दुकान क्वीन स्ट्रीटवर हललं आणि त्या जागी टॉवर आला. इतक्या तरुण इमारतीसाठी गळा काढणं जरा हास्यास्पदच. तरी काढतो.

सह्याद्रीत आम्ही हंटर शूज आणि उसनी सॅक यांवर वाढलो. खांदे दुखणं हा ट्रेकचाच भाग वाटायचा. या दुकानात काम करणाऱ्या मुलीनं सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या, ती माझ्या पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा आवळला आणि मला जिना चढ-उतर करायला लावला. ओझं कमरेवर घ्यायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. मग तिनं ती महागडी सॅक काढून घेतली आणि स्वस्तातली हातात दिली. तुमच्या पाठीला हीच बरी, म्हणाली.

असं स्वस्तातलं विकणं परवडायचं, कारण दुकानाला शेठ नव्हता. व्हँकूव्हरच्या गिर्यारोहकांनी १९७१ मध्ये ही सहकारी संस्था काढली. त्याआधी चांगल्या सामानासाठी त्यांना सीमेपलीकडे सिएटलच्या ‘आरईआय’ या दुकानात जावं लागे. पाच डॉलर भरले की जन्मभराचे सभासद. गल्ल्यावर सभासद क्रमांक विचारायचे आणि लोक तो तोंडपाठ सांगायचे. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्याला यात नवल नव्हतं. फक्त इथल्या सर्वसाधारण सभेत खुर्च्या फेकल्याचं कधी ऐकलं नाही.

किंग स्ट्रीटच्या दुकानाच्या छपरावर माती पसरून रानफुलं लावली होती. पर्यावरणस्नेही बांधकामाचा नमुना म्हणून ती इमारत दाखवली जायची. पण असं छप्पर चाळीस-पन्नास वर्षं टिकावं, तिथं अख्खी इमारतच पंचविशीच्या आत गेली. तिच्या काँक्रीट-पोलादापायी जळालेलं इंधन कोणत्या खात्यात लिहायचं?

१९९६ मध्ये शहरानं किंग-स्पडायना भागातले जमीनवापराचे नियम सैल केले. कापडउद्योगाची ओस पडलेली गोदामं त्यामुळे जगली, माणसं परतली, आणि जमीन अशी महागली की दोन मजली दुकान तिथं ठेवणं ही उधळपट्टी ठरली. यात खलनायक शोधू गेलो तर सापडत नाही, याचाच राग येतो.

२०२० मध्ये संचालक मंडळानं संस्थाच लॉस एंजेलिसच्या गुंतवणूक कंपनीला विकली. पन्नास लाखांहून अधिक सभासदांचं मत घेतलं नाही. २०२५ मध्ये मालकी पुन्हा कॅनडात आली, सहकार मात्र परतला नाही. क्वीन स्ट्रीटवर सामान चांगलं मिळतं, मी घेतोही. पण आता तिथं मी नुसता गिऱ्हाईक असतो, आणि तो तर मी कुठल्याही दुकानात असतोच.